गर्दी नेमकी कोणावर ओरडते?

(ताज्या भागाचं हे लिखित रूप. ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘बरं का’ थोडे कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा विषय आहे अमेरिकेतलं कॉलेज बास्केटबॉल आणि तिथला होम कोर्टचा फायदा. आता तुम्ही म्हणाल, आपल्याला त्याचं काय? पण ‘घरच्या मैदानाचा फायदा’ हे आपण क्रिकेटच्या कॉमेंट्रीत लहानपणापासून ऐकतोय. आणि १९ नोव्हेंबर २०२३ ला अहमदाबादला लाखभर लोक कसे गप्प बसले होते तेही आपण पाहिलंय. म्हणजे गर्दी आपली असली तरी हरता येतं. मग हा फायदा खरंच असतो का? असेल तर येतो कुठून?

या प्रश्नासाठी कॉलेज बास्केटबॉलइतकी चांगली प्रयोगशाळा नाही. वरच्या पातळीवर, म्हणजे डिव्हिजन वनमध्ये, साडेतीनशेच्या वर संघ आहेत. दर हंगामात हजारो सामने होतात. हॉल बंदिस्त, प्रेक्षक कोर्टला चिकटून आणि खेळाडू १८ ते २२ वर्षांची पोरं. गर्दीचा परिणाम कुठे दिसायचाच असेल तर तो इथे दिसायला हवा.

माझी ओळख नव्या श्रोत्यांसाठी: मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, पुण्यात कॉम्प्युटरमध्ये बीटेक केलं, आणि कंपनीच्या प्रोजेक्टसाठी दीड वर्ष नॉर्थ कॅरोलायनात होतो. त्या भागात कोणी तुमची जात विचारत नाही, पण ‘ड्यूक की कॅरोलायना?’ हे पहिल्याच आठवड्यात विचारतात. उत्तर नसेल तर लोक तुमच्यासाठी तात्पुरतं ठरवून टाकतात. तिथेच मला या खेळाचं वेड लागलं.

आधी आवाज

ड्यूक विद्यापीठाचं कॅमरन इनडोअर स्टेडियम डरॅम शहरात आहे. १९४० सालचं, आणि ९,३१४ लोक मावतात. आपल्या वानखेडेच्या तिसऱ्या हिश्श्याइतकंही नाही. पण विद्यार्थी अगदी कोर्टच्या कडेला उभे असतात, आणि ‘उभे’ म्हणजे पूर्ण सामनाभर उभे. त्यांना ‘कॅमरन क्रेझीज’ म्हणतात. नॉर्थ कॅरोलायनाविरुद्धच्या सामन्यासाठी ही मुलं कित्येक आठवडे आधीपासून बाहेर हिरवळीवर तंबू ठोकून राहतात. १९८६ पासूनची ही प्रथा. कोच माइक शिशेफ्स्की यांच्या नावावरून त्या तंबूंच्या वस्तीला ‘शिशेफ्स्कीव्हिल’ म्हणतात. आळीपाळीने रात्रीचे पहारे, हजेऱ्या, सगळं असतं. गणपती मंडळात रात्री मूर्तीजवळ जागणारी पोरं आठवा, तसाच मामला. फक्त इथे थंडी फेब्रुवारीची.

आता दुसरं ठिकाण. कॅन्सस विद्यापीठाचं ॲलन फील्डहाउस, लॉरेन्स गावात, १९५५ सालचं, १६,३०० लोकांचं. बास्केटबॉलचा जनक जेम्स नेस्मिथ. त्याने १८९१ च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला हा खेळ शोधला, आणि पुढे तोच कॅन्ससचा पहिला कोच झाला. गंमत म्हणजे त्या संघाच्या इतिहासात जिंकण्यापेक्षा जास्त सामने हरलेला तो एकटाच कोच आहे!

तर २०१७ च्या २८ जानेवारीला कॅन्सस केंटकीला खेळायला गेलं. केंटकीच्या प्रेक्षकांनी त्या रात्री बंदिस्त जागेतल्या सर्वात मोठ्या आवाजाचा गिनेस विक्रम केला: १२६.४ डेसिबल. आणि सामना? कॅन्ससने जिंकला, ७९-७३.

पुढे १३ फेब्रुवारीला कॅन्ससच्या लोकांनी आपल्या घरी तो विक्रम मोडला, १३०.४ डेसिबल. डेसिबलची पट्टी सरळ नसते हे इंजिनिअर मंडळींना माहीत आहे. दर १० डेसिबलला ध्वनीची तीव्रता दहापट होते. म्हणजे फक्त चार डेसिबलचा फरक म्हणजे तीव्रता अडीचपट. त्या रात्री वेस्ट व्हर्जिनियाविरुद्ध कॅन्सस शेवटची तीन मिनिटंही उरली नसताना १४ पॉइंट्सनी मागे होतं. तिथून बरोबरी झाली, ओव्हरटाइम झाला, आणि कॅन्सस ८४-८० ने जिंकलं. आजही तिथले लोक सांगतात, ‘तो सामना आम्ही जिंकून दिला.’

दोन आठवड्यांत दोन विक्रम. एकदा विक्रम करणारे हरले, एकदा जिंकले. दोन सामन्यांवरून काही सिद्ध होत नाही हे मलाही कळतं. पण आपण दुसरीच रात्र लक्षात ठेवतो, नाही का?

फ्री थ्रोची गोष्ट

आता थेट मोजता येईल अशी गोष्ट घेऊ. बास्केटबॉलमध्ये फ्री थ्रो असतो. फाउल झाला की खेळाडू रिंगपासून १५ फुटांवरच्या रेषेवर उभा राहतो आणि त्याला कोणी अडवत नाही. समोर फक्त रिंग, आणि रिंगमागे काचेच्या बोर्डातून दिसणारे शेकडो ओरडणारे विद्यार्थी. गर्दीचा खेळाडूवर सरळ परिणाम होत असेल तर पाहुण्या खेळाडूचे फ्री थ्रो जास्त चुकायला हवेत.

टोबियास मॉस्कोविट्झ आणि जॉन वर्थाइम यांनी २०११ च्या ‘स्कोअरकास्टिंग’ या पुस्तकात एनबीएचे, म्हणजे व्यावसायिक बास्केटबॉलचे, दोन दशकांचे आकडे दिलेत. घरच्या संघाचे फ्री थ्रो पडण्याचं प्रमाण ७५.९ टक्के. पाहुण्यांचं? तेही ७५.९ टक्के! एवढा कल्ला, फुगे, ढोल, आणि फरक शून्य.

असं का होत असावं? फ्री थ्रो ही हजारो वेळा घोटलेली कृती आहे. चेंडू तीनदा आपटायचा, श्वास सोडायचा, टाकायचा. शिवाय सतत चालू असलेला आवाज मेंदू गाळून टाकतो. लग्नाच्या हॉलमध्ये बँड वाजत असताना आजोबा खुर्चीत झोपतात ना, तसं. त्रास होतो तो अनपेक्षित गोष्टीचा. ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या मुलांनी २०१३ मध्ये हे ओळखलं. त्यांनी रिंगमागे एक काळा पडदा लावला. पाहुणा खेळाडू फ्री थ्रो टाकायला उभा राहिला की पडदा उघडतो आणि आतून दरवेळी काहीतरी भलतंच बाहेर येतं. २०१६ च्या जानेवारीत त्या पडद्यातून चक्क ऑलिम्पिक जलतरणपटू मायकेल फेल्प्स पोहण्याच्या चड्डीवर बाहेर आला. समोरचा खेळाडू दोन्ही फ्री थ्रो चुकला. मी असतो तर चेंडू रिंगपर्यंतही गेला नसता! पण असे पडदे सगळीकडे नसतात. बहुतेक ठिकाणी नुसता आवाजच असतो.

मग फायदा येतो कुठून?

फायदा आहे, हे नक्की. घरचे संघ जास्त जिंकतात, वर्षानुवर्षं. काही कारणं साधी आहेत. पाहुणे बसने किंवा विमानाने आलेले असतात, हॉटेलात झोपलेले असतात. कधी जागाच वेगळी असते. वायोमिंग विद्यापीठाचं कोर्ट ७,२२० फुटांवर आहे, डिव्हिजन वनमधलं सर्वात उंच. आपल्या कळसूबाईच्या शिखरापेक्षा साधारण साडेपाचशे मीटर वर. तिथे जाऊन ४० मिनिटं पळायचं!

पण मॉस्कोविट्झ आणि वर्थाइम सगळ्यात मोठं बोट दाखवतात ते रेफरीकडे. विकला गेलेला रेफरी नव्हे हं, प्रामाणिक रेफरी. कोर्टवर एकच जण असा असतो ज्याला दर काही सेकंदांनी शंकास्पद गोष्टीवर निर्णय द्यायचा असतो, आणि ज्याची बाजू घेणारं तिथे कोणीच नसतं.

यावर एक सुंदर प्रयोग आहे, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला. इंग्लंडमधल्या ४० फुटबॉल रेफरींना लिव्हरपूल आणि लेस्टरच्या सामन्यातल्या टॅकल्सचा व्हिडिओ दाखवला. काहींना प्रेक्षकांच्या आवाजासकट, काहींना आवाज बंद करून. चित्र तेच, नियम तेच. ज्यांनी आवाज ऐकला त्यांनी घरच्या संघाविरुद्ध साधारण १५ टक्के कमी फाउल दिले. हे लोक स्टेडियममध्येही नव्हते! समोर टीव्ही, बाहेर शांत गाव. तरीही.

कॉलेज बास्केटबॉलमध्ये अँडरसन आणि पिअर्स या अभ्यासकांनी २००४-०५ च्या हंगामातले ३६५ सामने तपासले. त्यांना दोन गोष्टी दिसल्या. एक, पाहुण्या संघावर फाउल वाजण्याची शक्यता जास्त. दोन, एका संघाचे फाउल बरेच जास्त झाले की पुढची शिटी दुसऱ्या संघावर वाजण्याची शक्यता वाढते. म्हणजे रेफरी नकळत हिशोब जुळवत असतो. हे फार माणसासारखं आहे. दोन भावंडांच्या भांडणात आई नाही का म्हणत, ‘मघाशी याला ओरडले, आता तुझी पाळी’?

आणि बास्केटबॉलमध्ये एक शिटी एवढ्यावर थांबत नाही. कॉलेजच्या नियमात पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर. म्हणजे पहिल्या हाफमध्ये दोन लागले की कोच त्याला घाबरून बाकावर बसवतो. पुरुषांच्या सामन्यात हाफमध्ये संघाचे सात फाउल झाले की समोरच्याला जास्तीचे फ्री थ्रो मिळायला लागतात. आम्ही कोड लिहिताना म्हणतो ना, सुरुवातीची छोटी एरर पुढे सगळीकडे पसरते. तसंच.

म्हणून मला वाटतं, गर्दीचा खरा श्रोता खेळाडू नाही, रेफरी आहे. कॅमरनच्या मुलांना हे कोणी शिकवावं लागलं नाही. १९८४ मध्ये तिथल्या प्रेक्षकांचा शिवराळपणा फार वाढला, तेव्हा विद्यापीठाचे अध्यक्ष टेरी सॅनफर्ड यांनी विद्यार्थ्यांना पत्र लिहिलं, जरा सभ्य व्हा म्हणून, आणि खाली सही केली ‘अंकल टेरी’. पुढच्या सामन्याला पोरं डोक्यावर देवदूतांसारखी वलयं लावून आली. आणि रेफरीचा निर्णय पटला नाही की शिव्यांऐवजी सगळे एका सुरात म्हणायचे, आम्ही नम्रपणे असहमत आहोत! भाषा सुधारली. पण लक्ष्य बघा: खेळाडू नाही, शिटीवालाच.

आपल्याला हे क्रिकेटमधून नीट कळतं. पूर्वी कसोटीत दोन्ही पंच यजमान देशाचे असायचे आणि प्रत्येक दौऱ्यावरून भांडणं घेऊन संघ परत यायचे. १९८६ च्या नोव्हेंबरात लाहोरला पाकिस्तान विरुद्ध वेस्ट इंडीज कसोटीत इम्रान खानच्या आग्रहावरून दोन भारतीय पंच उभे राहिले: व्ही. के. रामस्वामी आणि आपले पिलू रिपोर्टर. विचार करा, पाकिस्तानात भारतीय पंच, आणि दोन्ही संघांना मान्य! पुढे १९९४ पासून एक आणि २००२ पासून दोन्ही पंच त्रयस्थ देशांचे झाले. क्रिकेटने मान्य केलं की प्रश्न माणसाच्या सचोटीचा नाही, तो कुठे उभा आहे याचा आहे.

रिकामे हॉल

२०२०-२१ मध्ये कोविडने सगळ्या जगावर तोच प्रयोग केला जो त्या ४० रेफरींवर झाला होता. आवाज बंद. युरोपातल्या फुटबॉलवर झालेल्या अभ्यासांत हे पुन्हा पुन्हा दिसलं की प्रेक्षक नसताना पाहुण्या संघांना मिळणारी पिवळी कार्डं कमी झाली. कॉलेज बास्केटबॉलमध्ये रिकाम्या कॅमरनमध्ये खेळणाऱ्या ड्यूकचा हंगाम १३-११ असा संपला आणि १९९५ नंतर पहिल्यांदा ते राष्ट्रीय स्पर्धेबाहेर राहिले. केंटकीची अवस्था ९-१६. पण लगेच ‘बघा, गर्दी गेली आणि संघ पडले’ असं म्हणू नका. त्याच हंगामात गोंझागा एकही सामना न हरता फायनलपर्यंत गेलं. चांगला संघ रिकाम्या हॉलमध्येही चांगलाच असतो. आणि भरलेला हॉलही हमी देत नाही. ५ मार्च २०२२ ला कोच शिशेफ्स्कींचा कॅमरनमधला शेवटचा सामना होता, जुने खेळाडू जमलेले, वातावरण भारलेलं, आणि नॉर्थ कॅरोलायनाने ९४-८१ ने हरवलं.

फॉर्म्युल्यात घर

आता माझ्या आवडीचा भाग. राष्ट्रीय स्पर्धेत कोण जाणार हे ठरवायला समितीला आकडे लागतात. पूर्वी ‘आरपीआय’ नावाचा फॉर्म्युला होता. २००४-०५ पासून त्यात घरचा विजय ०.६ आणि बाहेरचा विजय १.४ असा मोजला जायचा. घरी हरलात तर उलटं, १.४ चा पराभव. २०१८-१९ पासून ‘नेट’ नावाची पद्धत आली. तिच्यात सर्वात भारी विजयांचा गट बघा: घरी खेळताना पहिल्या ३० मधल्या संघाला हरवा, तटस्थ कोर्टवर पहिल्या ५० मधल्या, आणि बाहेर जाऊन पहिल्या ७५ मधल्या. म्हणजे सरकारी भाषेत सांगायचं तर ७५ व्या क्रमांकाचा संघ स्वतःच्या घरी असला की त्याला हरवणं हे ३० व्या क्रमांकाच्या पाहुण्याला हरवण्याइतकं अवघड, असं कागदावर लिहून दिलंय.

आणि मुख्य पुरुष स्पर्धेत कोणालाच स्वतःच्या कोर्टवर खेळू देत नाहीत. महिलांच्या स्पर्धेत मात्र वरच्या १६ संघांना पहिल्या दोन फेऱ्या घरी मिळतात. त्यातूनही चमत्कार होतो. १९९८ मध्ये सोळावं मानांकन असलेल्या हार्वर्डच्या मुलींनी पहिलं मानांकन असलेल्या स्टॅनफर्डला त्यांच्याच घरी ७१-६७ ने हरवलं. स्टॅनफर्डच्या दोन मुख्य खेळाडू जखमी होत्या हे खरं, पण घर स्टॅनफर्डचंच होतं.

घर कोणाला मिळतं?

इथपर्यंत आपण धरून चाललोय की प्रत्येक संघाला घर असतं. निम्मे सामने इकडे, निम्मे तिकडे. तसं नाहीये. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये श्रीमंत विद्यापीठं छोट्या कॉलेजांना पैसे देऊन आपल्याकडे खेळायला बोलावतात. परतीचा सामना नाही. छोट्या कॉलेजचं खेळाचं बजेट अशा पैशांवर चालतं. थोडक्यात, होम कोर्ट विकत मिळतं.

ह्यूस्टनचं टेक्सस सदर्न विद्यापीठ हे कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी उभ्या राहिलेल्या विद्यापीठांपैकी एक. २०१७-१८ चा हंगाम त्यांनी सुरू केला तो सलग १३ सामने परक्या कोर्टवर खेळून. तेराच्या तेरा हरले. ०-१३! त्या दोन महिन्यांत त्यांच्या एकाही मुलाला घरच्या टाळ्या मिळाल्या नाहीत. पुढे आपल्या बरोबरीच्या संघांशी गाठ पडली, त्यांनी आपली कॉन्फरन्स स्पर्धा जिंकली, आणि राष्ट्रीय स्पर्धेच्या प्राथमिक सामन्यात नॉर्थ कॅरोलायना सेंट्रलला ६४-४६ ने हरवलं. तटस्थ कोर्टवर, बरं का. मग सांगा, ०-१३ हा आकडा त्या संघाबद्दल किती सांगतो, आणि त्यांच्या बँक खात्याबद्दल किती?

हे नॉर्थ कॅरोलायना सेंट्रलही डरॅममध्येच आहे, कॅमरनपासून काही मैलांवर. मी तिथे एक सामना पाहिलाय. छोटा हॉल, बँड असा की छातीत वाजतो, आणि मागच्या रांगेतल्या एक आजी प्रत्येक शिटीला रेफरीला नावानिशी सुनावत होत्या. त्या हॉलच्या नावात जॉन मॅकलेंडन यांचं नाव आहे. मॅकलेंडन कॅन्ससमध्ये खुद्द नेस्मिथकडून खेळ शिकले, पण काळे असल्यामुळे त्यांना तिथल्या संघात खेळता आलं नाही. पुढे ते डरॅमला कोच झाले.

१२ मार्च १९४४, रविवारची सकाळ. त्या काळी तिथे काळ्या आणि गोऱ्या संघांनी एकत्र खेळणं बेकायदा मानलं जायचं. सगळं गाव चर्चमध्ये असताना ड्यूकच्या वैद्यकीय शाळेचा गोरा संघ गुपचूप मॅकलेंडनच्या जिममध्ये आला. दारं आतून बंद केली. प्रेक्षक नाहीत. घड्याळ होतं, रेफरी होता. काही मुलं खिडक्यांवर चढून बघत होती तेवढीच. मॅकलेंडनच्या संघाने ८८-४४ असं हरवलं. मग त्यांनी दोन्ही संघ मिसळून आणखी एक सामना खेळला! गावाला कळलं असतं तर त्या मुलांच्या जिवावर बेतलं असतं. १९९६ पर्यंत बाहेरच्या जगाला या सामन्याचा पत्ता नव्हता.

मला हा सामना यासाठी सांगायचा होता की तिथे दोन्ही संघांना कोणाचाच आवाज नको होता. बाहेरची गर्दी ज्याच्या बाजूने ओरडत होती तो त्या काळचा कायदा होता. आवाज बाहेर ठेवला तेव्हा कुठे चेंडू आणि रिंग एवढंच उरलं, आणि कोण किती चांगलं खेळतं ते कळलं.

म्हणून काय, ओरडायचं नाही का? ओरडा की! मी स्वतः घसा बसेपर्यंत ओरडलोय. रिकाम्या हॉलमधला खेळ बघायला कोणाला आवडतं? फक्त पुढच्या वेळी सामना बघताना एक करून बघा. चेंडूवरची नजर दोन मिनिटं काढा आणि शिटी तोंडात धरलेल्या माणसाकडे बघा. अर्धा सेकंद तो थांबतो, आणि त्या अर्ध्या सेकंदात तुमचा आवाज त्याच्या कानात असतो. हे ऑफिसच्या मीटिंगमध्येही होतं, सोसायटीच्या सभेतही. शंकेची जागा असली की मोठा आवाज जिंकतो. तुमचं घर असेल तेव्हा हे लक्षात असू द्या. आणि समोरचा १३ सामने बाहेर खेळून आलाय का, तेही एकदा बघून घ्या.

चला, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या शाळा-कॉलेजातला कबड्डी, खो-खो, बास्केटबॉल काहीही असो, गर्दीमुळे फिरलेला एखादा निर्णय आठवत असेल तर व्हॉइस मेसेज पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. नावं मात्र गाळा, पंच अजून गावात राहत असतील! भेटू.